धर्मशास्त्राने देश चालवायचा, म्हणजे नक्की कोणी चालवायचा?

दक्षिणतीर:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरली. "संविधान पाऊणशे वर्षांचं, धर्मशास्त्र हजारो वर्षांचं. कारभार शास्त्राने चालला तर खटले वीस-वीस वर्षं रखडणार नाहीत." खाली अंगठ्यांची रांग. शिकलेली माणसं आहेत ही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिला प्रश्न, कोणतं शास्त्र? वारसाहक्काचे जुने ग्रंथच घ्या. मिताक्षरा म्हणते मुलाला जन्मतःच वाटा, बंगालचा दायभाग म्हणतो बाप गेल्यावर. उत्तर कोकणात आणि गुजरातेत व्यवहारमयूख या तिसऱ्याच ग्रंथाला मान. यातलं कोणतं लावायचं हे शेवटी माणूसच ठरवणार. मग तो माणूस मी निवडलेला का नसावा?

प्रयोग करून झालेत. नेपाळ हिंदू राजाचंच राज्य होतं. तिथल्या १८५४ च्या मुलुकी ऐनात, म्हणजे देशाच्या कायद्यात, एकाच गुन्ह्याला जात पाहून वेगवेगळी शिक्षा होती, आणि हा भेद कायद्यातून जायला १९६३ साल उजाडलं. इराणमध्ये १९७९ पासून शेवटचा शब्द धर्मगुरूचा. २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीला हिजाब नीट नाही म्हणून पकडलं आणि ती कोठडीतून जिवंत आली नाही. आपल्या घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्या. देवाच्या नावाने लिहिलेल्या कलमात दुरुस्ती सुचवणारा थेट पाखंडी ठरतो. माझा आक्षेप एवढाच आहे.

गोदाकाठ:
इराण काढलंत की चर्चा संपली असं वाटतं तुम्हाला. इंग्लंडचा राजा आजही तिथल्या चर्चचा प्रमुख आहे, तिथे कोण मेलं? धर्म म्हणजे फक्त शिक्षा नव्हे, धाक आणि मर्यादाही. आमच्या बांधाचा दावा आजोबांनी लावला, वडील तारखांना जाऊन जाऊन गेले, आता मी जातोय. देवळात पाच जाणती माणसं बसली असती तर एका बैठकीत मिटलं असतं. तुमच्या संविधानाने माझ्या वडिलांना काय दिलं ते सांगा, मग नेपाळला जाऊ.

कातळ:
पाच जाणती माणसं! त्यांनीच माझ्या मावशीच्या घराला वाळीत टाकलं होतं. कारण, मुलाने जातीबाहेर लग्न केलं. गावच्या दुकानात मीठ मिळत नव्हतं, काका गेले तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे आले. तेही देवळातच बसले होते आणि त्यांचाही निकाल एका बैठकीत लागला होता. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो काय हौसेने?

सुमन_कराड:
तुम्ही पुरुष नेपाळ-इराण करत बसा. माझा प्रश्न घरातला आहे. शास्त्राप्रमाणे लेकीचा वडिलोपार्जित जमिनीत वाटा नव्हता. महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाने २००५ ला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असायची गरज नाही. एवढं सगळं होऊन माझ्या हातात काय? वडिलांचं तेरावं झालं त्याच संध्याकाळी हक्कसोडपत्र पुढे आलं. आई म्हणाली, "सही कर बाई, माहेर तुटेल." केली सही. आता भाऊबिजेला साडी मिळते.

बांधावरचा:
ताई, एकच बाजू सांगताय. तुमच्यासारख्याच माझ्या दोन बहिणी. दोघींच्या लग्नाला वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं, ते मी फेडलं. आईचं आजारपण मी काढलं. दीड एकर कोरडवाहू, त्याचे तीन तुकडे केले तर कोणालाच पुरत नाही. त्यांच्या नवऱ्यांकडे बागायत आहे. सही घेतली म्हणून मी चोर?

सुमन_कराड:
दादा, चोर म्हटलं नाही, पण आता बोलतेच. हुंडा देणं-घेणं १९६१ पासून गुन्हा आहे. तो गुन्हा बापाने आणि सासऱ्याने मिळून करायचा आणि खर्च माझ्या हिश्शातून वळता करायचा, हा कुठला हिशोब? आईचं माझ्याही हातून झालंय, फक्त ते सातबाऱ्यावर चढत नाही.

बांधावरचा:
मी हुंडा दिला असं लिहिलंच नाही. जेवणावळी, मांडव, दागिने. तुम्ही माझ्या वडिलांना गुन्हेगार ठरवलंत, हे बरं नाही केलं.

दक्षिणतीर:
मंडळी, धागा वाटणीपत्रावर गेला. मूळ मुद्द्यावर या.

सुमन_कराड:
हाच मूळ मुद्दा आहे. शास्त्राचं राज्य आलं तर सही घ्यायचीही गरज उरणार नाही. आज निदान माझी सही लागते.

फिर्याद:
वकिली करते म्हणून दोन गोष्टी. एक, 'शास्त्र' म्हणून आपण जे मिरवतो त्यात बरंच उसनं आहे. १८८७ मध्ये मुंबईत, लहानपणी लग्न लावलेल्या नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना "नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंग" असा हुकूम झाला. तो दाव्याचा प्रकार इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला होता. तोच हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही बसलाय. दुसरं, गोव्याचा दाखला सगळे देतात. १८६७ च्या पोर्तुगीज कायद्यातून आलेल्या नियमांमुळे तिथे मुलगा-मुलगी समान वारस आणि निम्मी मालमत्ता मृत्युपत्राने मुलांपासून काढून घेता येत नाही. उत्तम. पण त्याच गोव्यात हिंदूंच्या रूढींसाठी १८८० ची वेगळी तरतूद केली, त्यात बायकोला तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा. रूढीला एक दार उघडं ठेवलं की आधी बाईच बाहेर काढली जाते.

गोदाकाठ:
ठीक आहे, वारसाहक्क विधिमंडळाकडे ठेवा, एवढं सोडतो. पण हे शहाणपण फक्त हिंदूंनाच का? १९८५ ला तलाक दिलेल्या शाहबानोला न्यायालयाने पोटगी दिली, १९८६ ला सरकारने कायदा फिरवला. तेव्हा कुठे होतात सगळे?

अमीना_मिरज:
आम्ही तिथेच होतो, तुम्ही पाहिलं नाहीत. १८ एप्रिल १९६६ ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. तो तलाक रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१७ ला. मधली एक्कावन्न वर्षं "हा धर्माचा प्रश्न आहे" म्हणत गेली, आणि म्हणणाऱ्यांत आमचे मौलवी होते तसे तुमचे मतं मोजणारे पुढारीही होते. शाहबानोचं नाव घेता तेव्हा मला संताप येतो, कारण ती तुम्हाला वादात हवी असते, शेजारी नको असते.

आणि सुमनताई, कुराणात मुलीचा हिस्सा स्पष्ट लिहिलाय, मुलाच्या निम्मा. आमच्या आत्यांना तो निम्माही मिळाला नाही. त्यांच्याकडूनही सहीच घेतली. धर्माचा कायदा हवा म्हणणारे त्या दिवशी सगळे गप्प होते.

गोदाकाठ:
शेजारी नको असते हे माझ्याबद्दल परस्पर ठरवू नका. बाकी आत्यांचं वाईट झालं. माझ्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे, मी काढलेलं नाही.

सुमन_कराड:
मग तुम्ही त्या ग्रुपवर अंगठा कशाला देता?

गोदाकाठ:
कारण बांधाचा दावा अजून चालू आहे.

निवृत्त_तलाठी:
वाद चालू द्या, भगिनींसाठी कामाचं लिहितो. साध्या कागदावरच्या किंवा नुसत्या नोटरीच्या हक्कसोडीने जमिनीतला हक्क जात नाही, ते पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं लागतं. वारस नोंदीतून नाव वगळल्याचं दिसलं तर फेरफाराच्या नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. माझ्या नोकरीत हरकत घेणाऱ्या बायका फार थोड्या आल्या, आणि आल्या तेव्हा बहुतेकींबरोबर भाऊ उभा असायचा, अर्ज मागे घ्यायला लावायला. सुमनताई, तुमचं पत्र नोंदवलेलं होतं का?