युरोपातली जुनी कुस्ती: मूळ ग्रंथ कोणते, सुरुवात कुठून करावी?

लंगोटबहाद्दर:
साधारण १४०० ते १७०० या काळातली युरोपीय कुस्ती मूळ ग्रंथांवरून शिकायची आहे. मातीतली कुस्ती येते, जर्मन-इटालियन येत नाही. व्हिडिओंत एकच डाव चार जण चार तऱ्हांनी दाखवतात. आधी कोणता ग्रंथ धरू? आणि चित्रं फुकट कुठे मिळतील?

पोथीवाला:
फाबियान फॉन आउअर्सवाल्ड, विटेनबर्ग, १५३९. लाकडी ठशांची ८५ चित्रं, तीही चित्रकार क्रानाखच्या कार्यशाळेतली, आणि चित्रासोबत त्या डावाचा मजकूर. चित्र आणि मजकूर एकमेकांना तपासतात, म्हणून नवख्याने इथूनच सुरुवात करावी. दाढीवाला म्हातारा दिसतो तो खुद्द आउअर्सवाल्ड.

पुष्कळ जण ऑट यूडपासून सुरू करा म्हणतील. पंधराव्या शतकातला हा उस्ताद मोठाच. त्याचा मजकूर बऱ्याच पोथ्यांत उतरवलेला आहे, रोममधल्या १४५२ च्या पोथीतही. पण तिथे डावांची चित्रं नाहीत, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते आपण मनाने भरतो आणि चुकतो. त्याची प्रस्तावना मात्र आत्ताच वाचा: कला, चपळाई आणि ताकद. दुबळ्यावर ताकदीने आधी चढायचं, बरोबरीच्याशी चपळाईने त्याच क्षणी भिडायचं, वरचढाला आधी हालू द्यायचं आणि मग कलेने घ्यायचं. आपल्याकडचे वस्ताद वेगळं काय सांगतात?

चित्रांसाठी म्युनिकच्या बायरिश सरकारी ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह बघा. लेखकाच्या नावाने शोधू नका, स्पेलिंगं दहा असतात. पोथीचा क्रमांक टाका. जर्मन उस्ताद तालहोफरची १४६७ ची पोथी ‘कॉड. आयकॉन. ३९४ए’ या क्रमांकाने लगेच सापडते. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी-शेजारी हवं तर विक्टेनाउअर ही वेबसाइट.

ब्रुखवेडा:
भाषांतर वाचताना एक शब्द पक्का करा: ‘ब्रुख’. शब्दशः अर्थ ‘मोड’, पण या ग्रंथांत बहुतेक वेळा तो ‘तोड’ असतो, म्हणजे समोरच्याच्या डावावरचा उतारा. नवखे लोक प्रत्येक ब्रुखला हाड मोडायला निघतात. खरंच हात मोडायचा असेल तेव्हा मजकुरात कोपर किंवा सांधा येतोच. ‘ष्ट्युक’ म्हणजे डाव. ‘फोर, नाख, इंडेस’ म्हणजे आधी, नंतर, त्याच क्षणी. एवढे शब्द मूळ जर्मनमध्येच ठेवून वाचा, भाषांतरकाराची घसरण तिथल्या तिथे दिसते.

आणि कुस्तीची नावं चिकटवायची घाई नको. कमरेवरून फेक दिसली की आपण धोबीपछाड म्हणून मोकळे. पकड बघा: कंबर धरली आहे की हात? दुसरं, आपल्याकडे खांदे लागल्याशिवाय निकाल नाही. या ग्रंथांत बरेचसे डाव माणूस आडवा झाला की संपतात, त्यामुळे शेवटची स्थिती चीत धरून वाचलीत तर अर्थच बदलतो.

लंगोटबहाद्दर:
मजकूर ‘उजवा पाय’ म्हणतो आणि चित्रात डावा. काय मानू?

पोथीवाला:
मजकूर. ठशावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्याने मूळ रेखाटन आधी उलटं करून घेतलं नाही तर डावं-उजवं बदलतं. तपासायची रीत सोपी आहे. हात आणि पाय दोन्ही उलटे असतील तर अख्खं चित्रच पालटलंय. एकच उलटा असेल तर नकलकाराची चूक असेल किंवा तुमची.

चित्र एकाच क्षणाचं असतं हेही विसरू नका. वहीत डावागणिक पाच गोष्टी लिहा: सुरुवातीची पकड, कोणता पाय कुठे, वजन कोणत्या दिशेला, डोकं कोणत्या बाजूला, शेवट कसा. मजकुरात नसलेलं पेन्सिलने लिहा. पेन्सिल जास्त झाली की समजा, तो डाव ग्रंथातला कमी आणि तुमचा जास्त आहे.

आखाडाप्रेमी:
इटालियन बाजूला फिओरे देई लिबेरी, १४१० च्या आसपासचा. गेटी संग्रहालयातली पोथी बघा, सुरुवातीच्या भागातच ‘आब्रात्झारे’ म्हणजे कुस्ती आहे. चित्रांत खूण असते: डोक्यावर मुकुट तो उस्ताद, गुडघ्याखाली सोनेरी पट्टा तो शिष्य, दोन्ही असतील तो तोड करणारा. हे न कळता वाचलंत तर कोण कोणाला पाडतोय तेच समजणार नाही. तो गंमतीची कुस्ती आणि रागाची, जिवावरची कुस्ती वेगळी मानतो. दुसरीत सांधे निखळवणं आणि नाजूक जागी मारणंही येतं. उभ्याने कोपर अडकवून फेकायचे डाव सरावात फेकीपर्यंत नेऊ नका. अंगाचं वजन कोपरावर येतं आणि समोरच्याला ‘थांब’ म्हणायला वेळच मिळत नाही.

निकोलास पेटर शेवटी. ॲमस्टरडॅम, १६७४, रोमेन दे होघेची ७१ अप्रतिम कोरीव चित्रं. पण तिथली कुस्ती भांडणातली आहे: छातीवरचा कपडा धरणं, ठोसा, चाकू. उघड्या अंगाने करून बघितलंत तर निम्मे डाव लागणारच नाहीत, पकडच कपड्याची असते. ज्युदोचा जाड अंगरखा घालून करा, आणि चित्रं सुटी न घेता मालिकेने वाचा.