खोल समुद्रातल्या स्पंजांची नावे: कंटिका, डीएनए आणि 'जाती'चा वाद

परभणी, निवृत्त प्राध्यापक

काल लातूरच्या एका सद्गृहस्थांनी लिहिले की, प्रशांत महासागरात सुमारे दोन किलोमीटर खोलीवरून २०१६ साली वर काढलेल्या स्पंजाला नाव मिळायला २०२० उजाडले, आणि मिळाले तेही 'ॲडव्हेना मॅग्निफिका' असे कोणाच्या तोंडी न बसणारे. डीएनएवरून दोन दिवसांत ओळख पटत असताना काचेचे काटे मोजत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे आणि मराठी मुलांना तर हे लॅटिन मुळीच नको, असेही त्यांचे म्हणणे आहे. ते वाचून रात्री मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

काचस्पंजाचा नखाएवढा तुकडा नायट्रिक आम्लात तापवला की मांसल भाग विरघळतो आणि नळीच्या तळाशी पिठूळ पांढरा गाळ उरतो. तो पुन्हा पुन्हा धुताना हात जरा घाईत चालला, तर सर्वांत बारीक कंटिका, म्हणजे ते काचेचे काटे, पाण्याबरोबर निघून जातात, आणि ओळख तर बहुधा त्यांच्यावरच ठरते. त्यांच्या दोन्ही टोकांना छत्रीसारख्या चकत्या असतील तर प्राणी एका उपवर्गात जातो, चांदणीसारखे फाटे असतील तर दुसऱ्या. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन-जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात गोळा केलेल्या काचस्पंजांवर फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे यांनी १८८७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही उघडावा लागतो, कारण नवे काय हे ठरवण्यापूर्वी जुने सगळे पाहावे लागते. वेळ जातो तो यात.

घाई केली की काय होते, याचेही उदाहरण आहे. जपानहून आलेल्या काचतंतूंच्या पीळदार दोराला जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० च्या दशकात 'हायलोनेमा', म्हणजे काचेचा धागा, असे नाव दिले. पण दोरावर सालीसारखे चिकटलेले पॉलिप, म्हणजे प्रवाळासारखे बारीक प्राणी, पाहून त्यांनी तो दोर त्या पॉलिपांचाच मानला. तो स्पंजाचा आहे आणि पॉलिप केवळ बिऱ्हाडकरू आहेत, हे माक्स शुल्ट्झे यांनी १८६० साली दाखवले. मत चुकले तरी नाव टिकले, कारण नाव मताला नव्हे, जपून ठेवलेल्या नमुन्याला बांधलेले असते.

लातूर

सर, आपला अभ्यास मोठा आहे, पण माझी मुलगी दहावीत 'युस्पाँजिया' पाठ करताना रडली तेव्हा तिच्याजवळ मी बसलो होतो. 'ॲडव्हेना' हे परक्या, नवख्या माणसासाठीच्या लॅटिन शब्दावरून घेतले आहे, असे मी वाचले. मग 'आगंतुक स्पंज' म्हटल्याने शास्त्राचे काय बिघडते? आणि चार वर्षांचे समर्थन आपण केले, डीएनएबद्दल मात्र एक अक्षर लिहिले नाही.

हिंगोली, संशोधक

त्याबद्दल मी लिहिते, आणि सरांना ते आवडणार नाही. ऑस्करेला या स्पंजांमध्ये कंटिकाच नसतात, मग तेथे आम्लात काय उरणार? त्यांचा समूह कित्येक वर्षे डेमोस्पंजांच्या वर्गात मोडत असे. २०१२ साली त्याला स्वतंत्र वर्गाचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः रेणूंच्या पुराव्यावर. 'रंध्रीय', म्हणजे छिद्रांतून पाणी खेळवणारे, या स्पंजांच्या संघनावाचेही तसेच आहे. भूमध्य समुद्राच्या एका गुहेतला स्पंज बारीक कवचधारी प्राणी पकडून खातो आणि त्याच्या अंगात पाणी खेळवणारी नालिकाच नाही, हे १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्याचे बहुतेक भाऊबंद खोल समुद्रातच राहतात. तेव्हा एकेका प्रजातीसाठी चार वर्षे थांबणे आम्हाला परवडत नाही.

अंबाजोगाई, मराठीची शिक्षिका

माफ करा, पण 'एकेका प्रजातीसाठी' हे वाचून मला राहवले नाही. आपल्या शालेय पुस्तकांत कुल, मग प्रजाती आणि शेवटी जाती असा क्रम आहे. वर्तमानपत्रे हिंदीच्या वळणाने जातीलाच प्रजाती म्हणतात, आणि आता संशोधकही तेच लिहू लागल्या. ज्या स्पंजावरून हा वाद पेटला, त्याची जातीही नवी होती आणि प्रजातीही नवीच उभी करावी लागली. 'नवी प्रजाती सापडली' एवढेच छापले, तर यांतले नेमके काय नवे होते हे वाचकाला कळायचे कसे?

हिंगोली, संशोधक

मॅडम, शब्द मला माहीत आहेत. एका गावच्या शाळेत मी फळ्यावर 'स्पंजाच्या जाती' असे लिहिले आणि वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. त्या दिवसापासून मी 'प्रजाती' म्हणते आणि यापुढेही म्हणेन. कोशातल्या शुद्धतेपेक्षा मला ते मूल मोठे आहे.

अंबाजोगाई, मराठीची शिक्षिका

त्या मुलाचे दुःख मला समजत नाही, असे आपण गृहीत धरू नये. पंचवीस वर्षे मी याच मातीत शिकवते आहे. परंतु 'प्रजाती' हा शब्द आपण खालच्या पायरीला दिला, तर वरच्या पायरीला काय म्हणणार, हे आपण सांगितले नाही.

हिंगोली, संशोधक

'वंश' म्हणावे. विश्वकोशात तो शब्द आहेच.

अंबाजोगाई, मराठीची शिक्षिका

'वंश' मला मान्य आहे, तेवढाच. 'जाती' मी सोडणार नाही, पण वर्गात तो शब्द उच्चारण्यापूर्वी दोन वाक्ये समजावून सांगेन, एवढे आपल्या म्हणण्यावरून कबूल करते.

परभणी, निवृत्त प्राध्यापक

ऑस्करेलाचा मुद्दा बिनतोड आहे. तो मी टाळायला नको होता. तरीही डीएनए जुळवायचा तो कशाशी? शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यातून, विशेषतः फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्यातून, तो धड निघत नाही; तेथे कंटिकाच बोलतात.

लातूरकरांना माझ्या गावची बारव सांगतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की खालच्या पायऱ्यांवर राखाडी-हिरवट खरखरीत पापुद्रा दिसे. आम्ही त्याला शेवाळ समजत असू, पण हात घासला की खाज सुटे. पुढे कॉलेजात असताना तो खरवडून पाहिला, तेव्हा त्यात खसखशीएवढे पिवळट बीजगोळे आणि सुईसारख्या कंटिका दिसल्या. तो गोड्या पाण्यातला स्पंज होता. मुंबईत डॉक्टर असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकात तिथल्या तलावांतल्या स्पंजांचा अभ्यास केला होता; इंग्रज स्पंज-अभ्यासक बॉवरबँक यांनी १८६३ साली त्यांच्या नावाने एका जातीला 'स्पंजिला कार्टेरी' म्हटले. आज तिला 'युनेपियस कार्टेरी' म्हणतात. वंश बदलला, पण 'कार्टेरी' राहिले, म्हणून जुन्या कागदातला प्राणी आजही सापडतो. 'आगंतुक स्पंज' अवश्य म्हणा, मीही म्हणेन. पण शेजारी ते दुसरे नाव असू द्या.

लातूर

शेजारी असू द्या, पण परीक्षेत त्याच्या स्पेलिंगचे गुण कापू नयेत, हे माझे म्हणणे कायम आहे. आमच्या शेतातल्या विहिरीच्या दगडांवरही असाच पापुद्रा आहे आणि मुलीला तो आपल्याला दाखवायचा आहे. कसा आणावा?

परभणी, निवृत्त प्राध्यापक

दगडाच्या कपचीसकट काढावा आणि अल्कोहोलमध्ये ठेवावा, फॉर्मेलिनमध्ये नको. विहीर, गाव आणि तारीख पेन्सिलीने कागदावर लिहून तो कागद बाटलीच्या आत टाकावा, शाई पसरते.

हिंगोली, संशोधक

अर्धा तुकडा माझ्यासाठी वेगळ्या बाटलीत ठेवावा. त्याचा डीएनए मी पाहीन, कंटिका सरांनी पाहाव्यात.