कल उलटल्यानंतरच्या पहिल्या पुलबॅकमध्ये खरेदी नेमकी कधी करावी?

प्रश्न

नमस्कार. मी दोन वर्षांपासून दैनिक चार्टवर सौदे करतो आहे आणि एकाच ठिकाणी वारंवार अडखळतो. दीर्घ मंदीनंतर डबल बॉटम (जवळपास एकाच पातळीवरचे दोन तळ) तयार होतो, भाव नेकलाइनच्या (त्या दोन तळांमधल्या शिखराच्या पातळीच्या) वर बंद होतो, मग मागे येऊ लागतो आणि मी लगेच खरेदी करतो. कधी भाव तिथूनच वळतो, पण बहुतेक वेळा तो जुना तळही मोडून खाली जातो. मागच्या महिन्यात लागोपाठ तीन सौद्यांत स्टॉप लॉस (तोटा मर्यादित ठेवण्यासाठी आधीच लावलेली विक्रीची ऑर्डर) लागला. तिसऱ्यात तर मी तो ऐनवेळी खाली सरकवल्यामुळे तोटा ठरवलेल्याच्या दुप्पट झाला. पुलबॅक, म्हणजे नव्या तेजीतली तात्पुरती माघार, कोणता आणि जुन्याच मंदीची पुढची लाट कोणती, हे चार्टवर कशावरून ओळखावे?

पहिले उत्तर

आधीच खात्रीने ओळखता येत नाही, परंतु तुमची खरेदी फार लवकर होते आहे, एवढे तुमच्या वर्णनावरून दिसते. मंदी म्हणजे उतरती शिखरे आणि उतरते तळ. ती संपली असे म्हणण्यासाठी भाव आधीच्या शिखरावर बंद व्हावा लागतो आणि त्यानंतरच्या घसरणीत आधीच्यापेक्षा वरचा तळ तयार व्हावा लागतो. तुम्ही पहिली अट पूर्ण होताच, दुसरीचा निकाल लागण्यापूर्वी बाजारात उतरता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन्ही तळ १०० वर, मधले शिखर म्हणजेच नेकलाइन ११२ वर, आणि ब्रेकआउटनंतर (नेकलाइन ओलांडल्यावर) भाव १२० पर्यंत गेला. आता तो घसरत ११० वर आला, म्हणजे २० अंकांच्या चढाईपैकी निम्मी त्याने गमावली. इथे खरेदी करू नका. तो थांबतो का ते पाहा, आणि ज्या दिवशी तो आदल्या दिवसाच्या उच्चांकावर, समजा ११४ वर, बंद होईल, त्या दिवशी विचार करा. चार अंक महाग पडतात हे खरे, पण त्या चार अंकांच्या बदल्यात वरचा तळ तयार झाल्याचा पुरावा हाती येतो.

घसरणीचा पोत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निरोगी पुलबॅकमध्ये कँडल (चार्टवर एकेका दिवसाचा भाव दाखवणाऱ्या पट्ट्या) लहान असतात, एकमेकींवर चढलेल्या असतात, व्हॉल्यूम (झालेल्या सौद्यांचे प्रमाण) दिवसागणिक आटत जातो आणि पुष्कळदा खाली झुकलेल्या ध्वजासारखी आकृती दिसते. याउलट लांबलचक लाल (भाव पडल्याच्या) कँडल, दिवसाच्या नीचांकाजवळचे बंद भाव आणि वाढता व्हॉल्यूम दिसला, तर विक्री करणारे अजून गेलेले नाहीत असे समजावे. मग नेकलाइन कितीही जवळ असो, मी हात लावत नाही.

दुसरे उत्तर

वरील मताशी सहमत आहे, फक्त टक्केवारीबाबत एक पुस्ती जोडतो. अनेक जण चढाईचा ३८.२, ५० आणि ६१.८ टक्के भाग गमावल्यावर येणाऱ्या रेषांवर आंधळेपणाने ऑर्डर लावतात. यांपैकी ५० टक्के हे फिबोनाची गुणोत्तर (फिबोनाची संख्यामालिकेतून निघणारे प्रमाण) नाहीच. अमेरिकी पत्रकार चार्ल्स डाऊ यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या सिद्धांतात दुय्यम (मुख्य कलाच्या उलट दिशेची) हालचाल मुख्य हालचालीचा साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश भाग मागे घेते असे मानले जाते, आणि निम्मा भाग हा त्याचा मध्य. वरच्या उदाहरणात ३८.२ टक्क्यांची पातळी ११२.३६ येते, म्हणजे नेकलाइनला जवळजवळ चिकटून. असा मेळ जमला तरच ती पातळी लक्षात ठेवण्याजोगी असते, आणि तीही रेषा म्हणून नव्हे, पट्टा म्हणून. भाव ६१.८ टक्क्यांच्या, म्हणजे १०७.६४ च्या खाली बंद झाला, तर मी तो सौदा यादीतून काढून टाकतो.

शिवाय साप्ताहिक चार्ट पाहत जा. तिथली दीर्घ मूव्हिंग ॲव्हरेज (मागच्या बऱ्याच आठवड्यांच्या भावांची सरकती सरासरी) अजून खाली झुकलेली असेल, तर दैनिक चार्टवरचा डबल बॉटम मोठ्या मंदीतली केवळ विश्रांती असू शकतो.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ११४ वर खरेदी केल्यास स्टॉप लॉस नेकलाइनखाली ठेवावा की जुन्या तळाखाली? १०० फार दूर वाटते, आणि ११२ च्या लगेच खाली ठेवला की तो लागतोच.

पहिले उत्तर देणारे

दोन्ही ठिकाणी नको. पुलबॅकचा तळ ११० असेल, तर स्टॉप त्याच्या किंचित खाली, १०९ वर ठेवा, कारण तो मोडला की वरच्या तळाचा तुमचा आधारच नाहीसा होतो. जोखीम ५ अंकांची झाली. आकृतीची उंची (११२ वजा १००) १२ अंक, ती नेकलाइनमध्ये मिळवली की लक्ष्य १२४ येते, म्हणजे अपेक्षित नफा १० अंक. मात्र वाटेत १२० चे शिखर आहे, तिथे भाव अडखळू शकतो. नगांची संख्या यानंतर ठरते: भांडवल १,००,००० असेल आणि एका सौद्यात १ टक्का गमावण्याची तयारी असेल, तर १,००० भागिले ५, म्हणजे २०० नग. भाव गॅपने (आदल्या दिवसाच्या भावापासून एकदम उडी घेऊन) खाली उघडला तर तोटा याहून मोठा होऊ शकतो, म्हणून मोठी घोषणा तोंडावर असताना मी यातलेही निम्मेच घेतो.