सल्ला हवा: प्रोसेसर पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करतोय

सिडकोकर
नमस्कार मंडळी. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, प्रोसेसरसोबत आलेलाच कूलर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र बनवणं) लावला की दहा तास जातात. ओव्हरक्लॉक करावं, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवावा म्हणतो, पण प्रोसेसर जळाला तर नवा घ्यायची ऐपत नाही. सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ
आधी रॅम तपासा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवायचं सेटिंग, बंद असेल तर ३२०० वेगाची रॅमसुद्धा २१३३ किंवा २४०० वर चालत असते. रेंडरला फार नाही, पण बाकी कामात फरक जाणवेल.

सातपूरचा संदीप
दादा, तापून जळायची भीती सोडा. ९५ अंशांना हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. खरी भीती व्होल्टेजची, ते जास्त झालं तर चिप हळूहळू कमकुवत होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. १.२५ व्होल्टवर बांधा, मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या किती पट वेग) ४० ठेवा. मग प्रोसेसरवर ताण देणारे चाचणी प्रोग्रॅम चालवा: सिनेबेंच दहा मिनिटं, मग ओसीसीटी तासभर. टिकलं तर २५ मेगाहर्ट्झ वाढवा, पुन्हा तेच. १.३ च्या वर मी जाणार नाही.

आता नाशिकची गोष्ट. मी जानेवारीत ४.२ गिगाहर्ट्झ बसवलं, ७२ अंश, एकदम खूश. मे महिन्यात भर दुपारी तेच सेटिंग ८९ वर गेलं आणि तिसऱ्या तासाला रेंडर बंद पडला. खोली जितकी तापते तितकाच प्रोसेसरही वर चढतो. त्यामुळे चाचणी उन्हाळ्यात, पंखा बंद करून, दुपारी तीनला घ्या. सोबतच्या कूलरवर तर करूच नका, आधी टॉवर कूलर (उंच, मोठा कूलर) घ्या.

सिडकोकर
आणि मशीन चालूच झालं नाही तर? फायदा किती धरू?

सातपूरचा संदीप
विजेची वायर काढा, बोर्डवरचा सीमॉसचा जंपर (बायोसचं सेटिंग पुसायची पिन) वापरा, सगळं मूळ सेटिंगवर येतं. फायदा पाचेक टक्के, म्हणजे तुमच्या दहा तासांतला अर्धा तास. शिवाय मल्टिप्लायर बांधला की बूस्ट, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप वाढणारा वेग, जातो. ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही धरून चला.

गोदाकाठ
विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर मशीन बंद पडलं नसलं तरी एक पायरी खाली या.

सिडकोकर
अर्ध्या तासासाठी कूलर घ्यायचा तर तो आवाज आणि तापमानासाठी घेतो. आधी एक्सएमपी लावतो, धूळ काढतो, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलतो. आकडे मे महिन्यात टाकतो.