मात्रा तीच, पातळी वेगळी का?
सारख्याच मात्रेने एकाच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी झपाट्याने वाढली आणि दुसऱ्याची जेमतेम हलली, म्हणून गोळ्याच निकृष्ट असाव्यात, हा निष्कर्ष काही जण काढतात; मला तो घाईचा वाटतो. तपासणीत मोजले जाते ते गोळीतील जीवनसत्त्व नव्हे, तर यकृताने त्यापासून तयार केलेले २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. त्यामुळे गोळी गिळणे आणि अहवालातला आकडा यांच्या दरम्यान शोषण, साठवण, रूपांतर असे बरेच काही घडून गेलेले असते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वजनाचा आहे. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते. साहजिकच स्थूल व्यक्तीच्या शरीरात तीच मात्रा अधिक विखुरली जाते आणि रक्तात कमी दिसते. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या वैद्यकीय अभ्यासात रोज २००० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्येही, ज्यांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा निर्देशांक) अधिक त्यांची पातळी तुलनेने कमी वाढली, असे आढळले. मुळातली पातळी फार कमी असेल, तर वाढ सहसा अधिक ठळक दिसते, हेही तुलना करताना विसरून चालणार नाही.

आनुवंशिकतेचाही वाटा आहे, कारण यकृतात हे रूपांतर घडवणारे विकर (एन्झाइम) आणि रक्तातील वाहक प्रथिन सर्वांमध्ये तंतोतंत सारखे नसते. शिवाय फिट्सवरील फेनिटॉइन किंवा क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन चालू असेल, तर हे जीवनसत्त्व शरीरात लवकर मोडले जाते. सीलिॲकसारख्या (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या) आजारात तर ते आतड्यातूनच नीट शोषले जात नाही.

गोळी रिकाम्या पोटी घेतली जात होती का, हे आधी पाहावे, कारण स्निग्धांश असलेल्या जेवणासोबत शोषण चांगले होते. मात्रा मात्र परस्पर वाढवू नये. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.