कॅमलूप्सच्या कबरी, घरच्या ग्रुपवरचा व्हिडिओ आणि ब्रँटफर्डची शाळा

किचनरची_आई
नमस्कार. आम्हाला पुण्याहून इथे कॅनडात येऊन फार दिवस झालेले नाहीत. मुलगी चौथीत आहे. ३० सप्टेंबरला शाळेत नारिंगी शर्ट घालून जायचंय. पूर्वी इथल्या मूलनिवासी मुलांना घरातून नेऊन निवासी शाळांत ठेवत, त्यातली कितीतरी परतलीच नाहीत, एवढं बाईंनी सांगितलंय. इकडे सासऱ्यांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला की कॅमलूप्सच्या निवासी शाळेजवळ एकही सांगाडा निघालेला नाही, सगळा बनाव आहे. आता मुलगी विचारतेय, बाई खरं सांगतात की आजोबा? बाबांना न दुखावता नीट उत्तर द्यायचंय. आणि ब्रँटफर्डला अशी एक शाळा जपून ठेवलीय म्हणतात. आपण गेलेलं चालतं का?

कॅलगरीचा_सर्व्हेवाला
मी पाइपलाइनच्या कामात जमिनीखालचं रडार चालवतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो. या रडारने हाडं ओळखता येत नाहीत. जमीन कधीकाळी खणून पुन्हा भरलेली असली की थर मोडलेले दिसतात. त्या खड्ड्याचा आकार, खोली आणि दिशा पाहून कबर असण्याची शक्यता सांगता येते. कॅमलूप्सला मे २०२१मध्ये जाहीर झालेला २१५ कबरींचा आकडा अशा जागांचा होता, पुढे तो सुमारे २०० झाला. 'सामूहिक कबर' हे बातम्यांनी छापलं. तिथल्या मूलनिवासी समाजाच्या प्रमुख रोझॅन कॅसिमिर यांनी थोड्याच दिवसांत खुलासा केला होता की या खुणा नसलेल्या वेगवेगळ्या जागा आहेत.

मॅनिटोबात पाइन क्रीकला चर्चच्या तळघरात अशा १४ जागा दिसल्या होत्या. २०२३मध्ये तिथल्या समाजाने खोदून पाहिलं, मानवी अवशेष मिळाले नाहीत, आणि ते त्यांनी स्वतःच जाहीर केलं. बनाव करायचा असता तर खोदलं कशाला असतं? कॅमलूप्सला खोदायचं की नाही हे त्या मुलांच्या माणसांनी ठरवायचं आहे, आपण नाही.

ग्रँड_नदीकाठी
ताई, मी ब्रँटफर्डला राहते, आणि जुने कागद सांभाळण्यातच माझी सगळी नोकरी झाली. तुमच्या सासऱ्यांचा व्हिडिओ २०२१पासून सुरू होतो, खरी अडचण तिथे आहे. मुलं दगावली हे जगाला रडारमुळे कळलेलं नाही. सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने, डॉ. पीटर ब्राइस यांनी, १९०७ साली पश्चिमेकडच्या शाळांत क्षयाने किती मुलं मरताहेत याचा अहवाल दिला होता. त्यानंतर १९२०मध्ये कायद्याने हजेरी सक्तीची करण्यात आली. हे मला आजही संताप आणतं. या शाळांची कागदपत्रं जपणाऱ्या विनिपेगच्या राष्ट्रीय केंद्राच्या यादीत आता दगावलेल्या ४,१००हून अधिक मुलांची नावं आहेत. बाबांना आधी ती यादी दाखवा.

आणि हे खणून काढायला आधी बसली ती त्या शाळांतून जिवंत बाहेर पडलेली मुलंच. सू सेंट मरीच्या शिंगवॉक शाळेचे माजी विद्यार्थी १९८१मध्ये एकत्र आले. घरोघरचे फोटो आणि कागद जमत गेले, त्यातून पुढे तिथल्या विद्यापीठात अभिलेखागार उभं राहिलं. फोटोंचे अल्बम म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवतात आणि ती एकेका अनाम चेहऱ्याला नाव देतात. या शाळांबद्दल सरकारी सत्यशोधन आयोग यायला २००८ साल उजाडलं. त्याने ६,५००हून अधिक लोकांचं म्हणणं ऐकलं, पण बोलायची वाट या लोकांनी आधीच पाडलेली होती.

आमच्या इथली निवासी शाळा, मोहॉक इन्स्टिट्यूट, १९७०ला बंद झाली. दोनच वर्षांनी तिथे वुडलँड कल्चरल सेंटर सुरू झालं. २०१३मध्ये छत गळून इमारतीची दैना झाली, तेव्हा सिक्स नेशन्स या इथल्या मूलनिवासी समाजाच्या लोकांना विचारलं गेलं: पाडायची की ठेवायची? ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी ठेवा म्हणून सांगितलं. ज्या भिंतींमध्ये मार खाल्ला त्या भिंती पुरावा म्हणून उभ्या ठेवायच्या, हा निर्णय किती जड असेल! मागच्या बाजूच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं अजून आहेत. उलट ब्रिटिश कोलंबियात अलर्ट बेची शाळा २०१५मध्ये पाडली, तीही तिथून वाचलेल्यांच्या साक्षीने. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात, कारण दोन्ही त्यांचे आहेत. २०२१पासून सिक्स नेशन्सचे वाचलेले विद्यार्थी स्वतःची संस्था काढून शाळेच्या शेकडो एकर जमिनीत खुणा नसलेल्या कबरींचा शोध घेताहेत.

जरूर जा. सप्टेंबर २०२५पासून इमारत पुन्हा खुली आहे. मुलीला आधी थोडं सांगून ठेवा, आणि आत कुणी म्हातारं माणूस बोलत असेल तर मोबाईल खाली ठेवून ऐका.

टोरंटोचा_नाना
कुणाला कमी लेखत नाही, पण आपण इथे नवखे. दुसऱ्यांचं दुखणं उकरण्यात आपण कशाला पडायचं?

ग्रँड_नदीकाठी
नानासाहेब, उकरत आपण नाही, ते आहेत. आपली मुलं याच जमिनीवरच्या शाळांत शिकतात, म्हणून ऐकणं आपल्याकडे लागतं. आणि ऐकण्यालाही मुदत आहे. या शाळांतल्या छळाच्या भरपाईसाठी सुमारे ३८,००० जणांनी बंद दाराआड आपल्यावरचे अत्याचार सांगितले. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे ते कागद ज्याचे त्याचे. त्याने जपा म्हटलं तर राष्ट्रीय केंद्रात जायचे, नाहीतर १९ सप्टेंबर २०२७ला नष्ट व्हायचे.

किचनरची_आई
आणि जपा की नष्ट करा हे न सांगताच जे वारले त्यांचे?

ग्रँड_नदीकाठी
त्या निकालाप्रमाणे तेही नष्ट. मी कागद सांभाळणारी बाई, मला ते सोसत नाही. पण कुणी गुप्ततेच्या भरवशावर तोंड उघडलं असेल तर तो भरवसा मोडायचा अधिकार मला नाही. म्हणूनच जे उघडपणे सांगताहेत त्यांचं आता ऐकायला हवं.

शर्ट मूलनिवासी कारागिरांकडूनच घ्या. फिलिस वेब्स्टॅड सहा वर्षांच्या असताना आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट १९७३मध्ये शाळेत पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावरून काढून घेतला, परत दिला नाही. मुलीला तेवढं कळेल. बाबांनाही ग्रुपवर तेच पाठवा, व्हिडिओवर वाद घालत बसू नका.