दंड फक्त गाडी चालवणाऱ्यालाच का?

होटगीकर:
काल इथे एकाने लिहिलं, "रस्ते ठीकच आहेत, सोलापूरकरांना शिस्त नाही. दंड दुप्पट करा, अपघात थांबतील." वाचून डोकं सणकलं. 2019 ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, दंड वाढलेच की! त्याच दुरुस्तीत कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी, देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार किंवा रस्त्याची जबाबदार यंत्रणा यांना दंड. किती? जास्तीत जास्त 1 लाख. कोट्यवधींचं काम घेणाऱ्याला याची काय भीती? आधी हे बदला.

बाळेकर:
मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत उतार आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका अपघातात 48 गाड्यांचं नुकसान झालं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे चालक आहेत. त्याला इंजिनिअर काय करणार?

होटगीकर:
त्याच उतारावर पुन्हापुन्हा अपघात होतात, तरी दोष दर वेळी चालकाचाच? धोका संबंधितांना माहीत होता का, हे कोर्टाने बघावं असं 198-अ मध्येच आहे.

मोहोळ_65:
पुण्याचं पुण्याला राहू द्या. गळीत हंगामात रात्री मोहोळ-टेंभुर्णी रस्त्याने या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझा मावसभाऊ अशाच ट्रॉलीवर मागून आदळला. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर, ट्रॉली दिसलीच नाही. पायात रॉड आहे, यंत्रमागावर उभं राहणं संपलं. ट्रेलरला मागे लाल रिफ्लेक्टर 1989 च्या केंद्रीय नियमांतच सक्तीचे आहेत. नवा कायदा कशाला?

माढ्याचा_शेतकरी:
आलं परत शेतकऱ्यावर! ट्रॅक्टर वाहतूकदाराचा, माझा फक्त ऊस. त्याला पैसे टनावर मिळतात, डोक्यावर उचल असते, म्हणून तो दुसरी ट्रॉली जोडतो.

मोहोळ_65:
मग साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अडवा. रिफ्लेक्टर नाही तर वजन नाही. प्रत्येक ट्रॉली तिथे थांबतेच.

माढ्याचा_शेतकरी:
हे पटतंय. पण खर्च कारखान्याने करावा, आमच्या बिलातून कापू नये.

मोहोळ_65:
बिलाचं काय काढतोस बे? इथे माणसाचा पाय गेलाय!

माढ्याचा_शेतकरी:
अरे-तुरे नको. उसाचं बिल वेळेवर मिळत नाही, त्यातून आणखी कापलं तर आम्ही खायचं काय? तुम्ही पगारदार, तुम्हाला नाही कळणार.

मोहोळ_65:
पगारदार नाही, माझंही यंत्रमागावरच पोट आहे.

अक्कलकोट_रोड:
ऊस आवरा, बोगद्यांचं कुणी बोलेल का? 1999 मध्ये फ्रान्स-इटलीमधल्या माँ ब्लाँ बोगद्यात आग लागून 39 माणसं गेली. 2004 मध्ये युरोपीय संघाने आपल्या मुख्य मार्गांवरच्या 500 मीटरपेक्षा लांब बोगद्यांना किमान सुरक्षेचे नियम बंधनकारक केले. आपल्याकडे 2023 मध्ये उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात 41 मजूर 17 दिवस अडकले. आता समृद्धीवर इगतपुरी-कसारा बोगदा जवळपास 8 किलोमीटरचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेच्या बोगद्यांसाठी मार्गदर्शक सूचना आहेत, त्या न पाळणाऱ्याला शिक्षा हवी.

बाळेकर:
बरं, 1 लाखाची मर्यादा कमी आहे, एवढं मानतो. एवढंच. उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्याला मी सोडणार नाही.

होटगीकर:
त्याला सोडा असं मी म्हटलंच नाही. अपघाताची फिर्याद नोंदवताना 198-अ लावा, असं पोलिसांना लेखी द्यायचंय. सही कराल?

बाळेकर:
करतो. उलट्या दिशेचा मुद्दा त्याच अर्जात घाला.